साहेबांची शिंगं

१२ फेब्रुवारी

आज साहेबाला पहिली गोळी दिली. गाजराला खाच पाडून आत दाबली आणि वर गाजराचाच तुकडा बुचासारखा बसवला. साहेबाने ते एका घासात गिळलं आणि दुसरं कुठे आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

साहेब म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयातलं सगळ्यात म्हातारं नर हरीण. नाव पहिलवानाने ठेवलं. पहिलवान हा हरणांचा रखवालदार. दाराच्या चौकटीत अडकेल असा देह आणि आवाज मात्र लहान मुलाला निजवणारा. साहेबाशी तो अहो-जाहोनेच बोलतो. 'साहेब, जरा सरकता का? खालचं झाडायचंय.' आणि साहेब सरकतो. मी सांगितलं तर सरकत नाही, ही गोष्ट मी अजून पचवलेली नाही.

साहेबाच्या मागच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजली आहे. हाडाला हाड घासतं. थंडीत तर तो तीन पायांवरच उभा असायचा. अशा जनावराचं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि संचालकांनी मला ते गेल्या महिन्यात हळूच सुचवूनही पाहिलं. मी म्हटलं, मला एक संधी द्या.

ही संधी म्हणजे चष्म्याकडचं औषध. चष्मा माझी कॉलेजातली मैत्रीण. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, पण नाव काही सुटलं नाही. तिचा सगळा जन्म विकरांमध्ये, म्हणजे एन्झाइम्समध्ये, चालला आहे. हाड काय आणि कूर्चा काय, दोन्हींचा आधार प्रथिनांचे धागे. हे धागे कापणारी विकरं शरीर स्वतःच बनवतं, आणि म्हाताऱ्या सांध्यात ती मोकाट सुटतात. या औषधाने त्यातल्या एका विकराचं तोंड बांधलं जातं. माणसांसाठी काढलेलं औषध, पण काढणाऱ्यांनी मध्येच सोडून दिलं. त्यांचा धीर सुटला असणार. माझा सुटत नाही.

४ मार्च

साहेब चालला! चारही पायांवर, पाण्याच्या हौदापासून झाडापर्यंत आणि परत. पहिलवान हातातला झाडू विसरून उभा होता. मग म्हणाला, 'मॅडम, आज साहेब माझ्यासाठी सरकले नाहीत, सरळ चालत आले. मीच बाजूला झालो.' त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मी डॉक्टर आहे म्हणून एक्स-रेच्या यंत्राची वायर गुंडाळत बसले.

मी आज खूश आहे आणि ते लपवणार नाही. इतकी वर्षं मी जंत पाडले, खुरं कापली, माकडांची दुखरी बोटं बांधली. कुणी विचारलं की प्राण्यांची डॉक्टर म्हणजे नेमकं काय, तर सांगायला असं काही नव्हतं. आता आहे. विकरांना लगाम घातला की सांधा वाचतो, हे चष्म्याने काचेच्या नळीत दाखवलं. मी चालतं करून दाखवलं.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'मग ती गोळी मला कधी?'

१० मार्च

बाबा आज स्वतः आले. दोन बस बदलून, काठी न घेता. काठी मी गेल्या वर्षी आणली, ती दाराआड उभी आहे आणि तिच्यावर छत्र्या टांगल्या जातात. बाबा शाळेत पीटी शिकवायचे. ज्या माणसाने हजारो पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या तो काठी टेकत फिरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा गुडघा साहेबाच्या गुडघ्याहून फार निराळा नाही, हे मी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवलं होतं. तीच माझी चूक झाली. आता त्यांना साहेबाचं औषध हवं आहे.

'हरणाला देतेस आणि बापाला नाही,' असं त्यांनी पहिलवानासमोर ऐकवलं. मी सांगितलं की माणसांसाठी परवानगी नाही. मनात मात्र आलं, चष्म्याला विचारून बघायला काय हरकत आहे.

हरणांच्या कुंपणापाशी बाक आहे त्यावर ते दुपारभर बसले. गंमत म्हणजे हरणांकडे पाठ करून, दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून. मी विचारलं तर म्हणाले, त्या बाजूने ऊन डोळ्यांवर येतं. आज ढगाळ होतं, पण वाद कोण घालणार.

२१ मार्च

धाकट्या दोन्ही नरांची शिंगं गळली. दर वर्षी या दिवसांत गळतात आणि मग नवी येतात. ते बोडके होऊन लाजल्यासारखे कोपऱ्यात उभे असतात. साहेबाची मात्र अजून डोक्यावर, तशीच भक्कम. पहिलवान तर हवेतच आहे. म्हणतो, 'साहेबांची तब्येतच तशी झालीय, मॅडम. अंगात ताकद असली की कशाला गळतील?'

मलाही ते पटलं. म्हाताऱ्या जनावराची शिंगं सगळ्यांत शेवटपर्यंत टिकली, याचा अर्थ औषध नुसतं गुडघ्याला नाही, सबंध अंगाला मानवलं. चष्म्याला तसं कळवलं.

२९ मार्च

संचालक स्वतः छायाचित्रकाराला घेऊन आले. साहेब मान वर करून उभा, मागे झाडी, डोक्यावर तो पसारा. इतर सगळी बोडकी असताना आमच्याकडे या दिवसांत शिंगांचा नर दिसतो, म्हणून लोक येत आहेत. नव्या माहितीपत्रकावर साहेब असणार, आणि खाली माझं नाव.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मे महिन्यात प्राण्यांच्या डॉक्टरांचं वार्षिक संमेलन आहे, तिथे मला भाषणाला बोलावलं आहे. याआधी मी तिथे मागच्या रांगेत बसून चहाच्या वेळेची वाट पाहिली आहे. संचालक म्हणाले, तुमच्यामुळे संस्थेचं नाव होईल. मी विनयाने काहीतरी पुटपुटले. आतून मात्र कुणीतरी ढोल बडवत होतं.

७ एप्रिल

साहेब खांबाला डोकं घासतो. खाज असावी. मलम दिलं.

१३ एप्रिल

कसं लिहू.

सकाळी पहिलवान दवाखान्यात आला. साहेबांनी गाजर घेतलं नाही, म्हणाला. मी जाऊन पाहिलं. शिंगांच्या बुडाशी कातडी सुजलेली, हाताला गरम लागते. घासून घासून एका बाजूला जखम झाली आहे आणि त्यावर माश्या. साहेबाला हलता येणार नाही अशा चिंचोळ्या वाटेत उभं केलं आणि डोक्याचा एक्स-रे काढला. गुडघ्याचे किती काढले असतील, डोक्याचा हा पहिलाच.

शिंग गळतं म्हणजे काय होतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. शिंगाच्या बुडाशी, कवटीला लागून, हाड खाणाऱ्या पेशी रांगेने बसतात. विकरं सोडून हाडातले प्रथिनांचे धागे कापत जातात. एक्स-रेवर तिथे काळी रेघ उमटते. ती रेघ आरपार गेली की शिंग आपल्याच वजनाने पडतं आणि खाली नवं यायला जागा होते. ते विकर कोणतं? मी गाजरात गोळी घालून ज्याचं तोंड बांधलं आहे, तेच.

साहेबाच्या एक्स-रेवर रेघच नाही. पांढरंशुभ्र, सलग हाड. शरीर तिथे नवं काही आणायला निघालं आहे आणि जुनं हलत नाही.

शिंगं टिकली म्हणून आम्ही त्याचे फोटो काढले. मी चष्म्याला कौतुकाने कळवलं. विकर जसं गुडघ्यात, तसंच डोक्यात, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मला कळलं नाही, कारण मी साहेबाकडे पाहत नव्हते, साहेबाच्या गुडघ्याकडे पाहत होते. आणि खरं सांगायचं तर गुडघ्याकडेही नाही, माझ्या करामतीकडे.

१४ एप्रिल

रात्रभर हिशेब जुळवला, तो सरळच आहे. शिंगं करवतीने कापता येतात, पण अडलं आहे ते बुडाशी, आणि या वयात साहेबाला भूल दिली तर तो उठेलच असं नाही. गोळ्या थांबवल्या तर औषध हळूहळू अंगातून जाईल, विकरं पुन्हा कामाला लागतील. मग शिंग पडेल. आणि गुडघाही पुन्हा बिघडेल. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

शिंग वेळेत पडलं नाही तर जखम चिघळेल आणि साहेब जाईल. पडलं तर साहेब राहील, पण लंगडा. मग संचालकांची ती हळू आवाजातली सूचना पुन्हा येईल.

संचालकांना सगळं समजावलं. ते सज्जन माणूस आहेत, त्यांनी आवाज चढवला नाही. टेबलावर माहितीपत्रकाचे नमुने पसरलेले होते. म्हणाले, 'संमेलन तीन आठवड्यांवर आहे. तोवर जखमेवर औषध लावा आणि गोळ्या चालू ठेवा. चालतं हरीण दाखवून या, मग थांबवा.'

मी विचार करते म्हणाले. म्हणजे खरोखरच विचार केला. गोळी घेतली, गाजर घेतलं, खाच पाडली, आत दाबली, बूच बसवलं, कुंपणापाशी गेले. आज साहेब आपणहून जवळ आला आणि त्याने तोंड पुढे केलं. दोन महिन्यांत त्याला माझ्या हाताची सवय झाली आहे. गोळी काढून खिशात टाकली. खाच पडलेलं गाजर मीच खाल्लं, कारण त्याला दिलं असतं तर उद्या पुन्हा गोळी काढून घ्यायची हिंमत झाली नसती.

१५ एप्रिल

बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'पण मला कुठे शिंगं आहेत?'

मी हसले, हे बरं झालं. मग समजावलं. हाड ही एकदा बांधून झालेली वस्तू नाही. रोजच्या चालण्याने त्यात केसाएवढ्या चिरा पडतात. या पेशी आधी चिरलेला भाग खाऊन साफ करतात, मग दुसऱ्या येऊन तिथे नवं हाड घालतात. खाणंच बंद केलं तर चिरा साठत जातात आणि हाड बाहेरून धडधाकट, आतून ठिसूळ. झिजणाऱ्या सांध्यात तीच विकरं जास्त कापतात, ही खरी अडचण. ती कमी करायची, पण किती आणि कुठे, हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही. मला तर नाहीच.

बाबा म्हणाले, 'आईने स्वयंपाकघराचा ओटा बदलला होता आठवतं? आधी पंधरा दिवस नुसती फोडाफोड. मी म्हणत होतो, होतं तेच चांगलं होतं.' मग विचारलं, 'संमेलनाला जाणार ना?'

मी म्हटलं, कुठल्या तोंडाने?

'आहे त्याच,' ते म्हणाले. 'पोरं शर्यतीत पडायची तेव्हा मी शिट्टी वाजवून शर्यत थांबवत नव्हतो. उठून चालत का होईना, पण रेघ ओलांडायला लावायचो.'

त्यांना वाटतं सगळं जग मैदान आहे. पण उद्या संमेलनवाल्यांना कळवायचं होतं की येत नाही, ते राहू देते.

२७ एप्रिल

साहेब लंगडायला लागला. सकाळी उठताना मागचा पाय टेकताच उचलला.

गोळ्या थांबवल्यापासून पहिलवान माझ्याशी बोलत नाही. दुपारी मात्र त्याने कुंपणाच्या आत वाळूच्या पाट्या आणून ओतल्या, झाडाखाली जाड थर केला, खाण्याचं टोपलं त्याच्या जवळ आणलं. म्हणजे साहेबांना लांब जायला नको. मी साधं वेदनाशामक सुरू केलं. जखम धुतली. साहेबाने ते सगळं करू दिलं. शिंगं अजून जागच्या जागी. रोज सकाळी धरून हलवून पाहते, भिंतीतल्या खुंटीसारखी घट्ट.

आज मला पहिल्यांदा वाटलं की मी दोन्ही गमावणार. गुडघाही गेला आणि शिंगही पडणार नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. बाहेर आले तर बाबा बाकावर, नेहमीसारखे उलट्या दिशेला तोंड करून. त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला.

५ मे

भाषण झालं.

चित्रफिती दोन नेल्या होत्या. पहिली मार्चमधली, साहेब डौलात चालतो ती. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. तिथेच थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या, आणि एक क्षण पाय तिथेच अडले, हे इथे लिहून ठेवते. मग दुसरी लावली, परवाची. लंगडणारा साहेब, डोक्याची जखम, आणि रेघ नसलेला तो एक्स-रे. म्हटलं, जे विकर गुडघा खातं तेच शिंग मोकळं करतं, हे मी विसरले. तुम्ही विसरू नका.

पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, 'म्हणजे औषध फसलं?'

'गुडघ्याला लागू पडलं,' मी म्हटलं. 'फसले ती मी.'

'आणि हरीण?'

'ते अजून माहीत नाही.'

कुणी हसलं नाही. चहाच्या वेळी मात्र माझ्याभोवती गराडा पडला. एकीने एका म्हाताऱ्या नरासाठी हेच औषध मागवलं होतं, ती आता थांबणार आहे. चष्मा कोपऱ्यात उभी राहून चष्म्याच्या काचा पुसत होती. म्हणाली, शिंगाच्या बुडाशी नेमकं हेच विकर काम करतं, हे जिवंत जनावरात इतकं स्वच्छ कुणी दाखवलं असेल असं तिला वाटत नाही. आणि तू ते चुकून दाखवलंस, असंही म्हणाली. मैत्रीण आहे, बोलणारच.

माझी मान ताठ होती. मार्चमध्येही होती, पण तेव्हा कुणी बघतंय का ते मी पाहत होते.

११ मे

पडलं!

पहिलवान धावत आला. हा माणूस धावताना मी प्रथमच पाहिला. 'मॅडम, साहेबांचं डावं!' वाळूत पडलं होतं. साहेब त्याच्याकडे हुंगून पाहत होता, जणू दुसऱ्या कुणाचं आहे. दुसरं दुपारी, खांबाला टेकताच निसटलं.

शिंग उलटं करून बुडाशी बोट फिरवलं. खरखरीत, बारीक बारीक खड्ड्यांनी भरलेलं. एवढं कठीण हाड करवतीलाही जड जातं, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींनी ते आतून पोखरून, धागा धागा कापून, बरोबर ठरलेल्या रेघेवर सोडवलं. मी वाट अडवून बसले होते ती सोडल्याबरोबर लागल्या कामाला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की हसू आलं. स्वतःच्या मुलाने बक्षीस मिळवावं तसा.

पहिलवानाला म्हटलं, लंगडतात तुमचे साहेब, ते माझ्यामुळे. तो म्हणाला, 'लंगडतात तर लंगडू द्या. आहेत ना.' त्या एका वाक्यासाठी मी त्याचे सगळे अबोले माफ केले.

२ जून

जखम भरली. नव्या शिंगांचे मखमली कोंभ दिसायला लागले, जरा वाकडे, पण आहेत. संचालक मोकळ्या मनाने म्हणाले की साहेब इथेच राहील, वाळूचा खर्च धरून. माहितीपत्रकावर लांडोर आली आहे.

चष्म्याने एका शिंगाच्या बुडाचा काप नेला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींनी खाल्लेल्या खळग्यांची रांगच्या रांग दिसली म्हणे. ती इतक्या वेगाने बोलत होती की मला निम्मंच कळलं. आता तिला असं औषध शोधायचं आहे जे सांध्यातल्या विकरालाच आवरेल आणि हाडातल्याला हात लावणार नाही. वर्षं जातील, म्हणाली. मी म्हटलं, मी आहे.

दुसरं शिंग बाबांनी मागितलं. कशाला, ते सांगितलं नाही. संचालकांना विचारून दिलं.

१९ जुलै

बाबा आज काठी घेऊन आले. दाराआडची तीच, पण मूठ बदललेली. आमच्या इथल्या सुताराकडून साहेबाच्या शिंगाचा तुकडा घासूनपुसून तिच्यावर बसवून घेतला आहे. बुडाकडची खरखरीत बाजू मुद्दाम तशीच ठेवली, अंगठा बरोबर तिथे टेकतो. आता काठी क्षणभर हातातून सुटत नाही. बसमध्ये जागा मिळाली तरी उभे राहतात, लोकांनी विचारावं म्हणून.

दुपारी औषधाची पेटी घेऊन कुंपणाकडे निघाले, तर बाबा बाकावर, हरणांकडे पाठ. एक बाई दोन मुलांना घेऊन उभ्या होत्या. मोठीने काठीकडे बोट दाखवून विचारलं, हे खरं शिंग आहे का? बाबांनी मूठ तिच्या हातात दिली.

'खरं. त्या तिकडच्या साहेबांचं. पडतच नव्हतं.' मग मी येते आहे हे पाहून त्यांनी आवाज चांगला मैदानावरचा काढला. 'माझ्या मुलीने पाडलं.'

पाडलं विकरांनी. मी आधी आड आले होते, मग बाजूला झाले, एवढंच. हे मी त्यांना दहा वेळा समजावून सांगितलं आहे.

आज नाही सांगितलं. पेटी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून जरा वेळ बसले. तिथून दवाखान्याचं दार अगदी समोर दिसतं.